वालाला कुणी विचारलंय?

आमच्या घरात शुक्रवारी जी घाई असायची ती सूर्यापायी. बाकीच्या आकुर्डीला भोंग्याची घाई, पहिल्या नाहीतर दुसऱ्या पाळीच्या. आमच्या आईला मात्र दुपारपासून पश्चिमेकडच्या खिडकीची काळजी. काळ्या मनुका सकाळीच भिजत पडलेल्या असायच्या. त्या ती कुस्करून, फडक्यातून गाळून त्यांचं सरबत करायची. मटणाबरोबर दूधदुभतं आमच्यात चालत नाही, म्हणून नारळाचं दूध काढायची. मग काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर खोबरेल, त्यात वात अशी दिव्याची तयारी करून दारात येऊन उभी राहायची. ऊन समोरच्या चाळीच्या पत्र्यावर चढलं की तिचं सुरू, "आले नाहीत अजून तुझे बाबा. त्या मशीनशीच लग्न लावून द्या त्यांचं." एवढ्यात बाबा बसमधून उतरून पळतच यायचे, तेलकट हात तसेच, आणि मोरीत घुसता घुसता ओरडायचे, "लाव गं दिवा, आलो!" वात पेटली की घरातला आवाजच बदलायचा. उद्या संध्याकाळपर्यंत काम नाही, चूल नाही, बस नाही. मला तो शब्बाथ लहानपणी भारी आवडायचा, कारण शनिवारी मला कुणी कामाला लावत नसे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे घरात मराठीच बोलणारे ज्यू. अलिबागकडं आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आकुर्डीत हे सांगून काडीचा उपयोग नव्हता. "म्हणजे ख्रिश्चन का?" "नाही." "मग मुसलमान?" आम्ही पुण्यातल्या आमच्या प्रार्थनाघराला मशीद म्हणतो हे एकदा शेजारच्या वहिनींनी ऐकलं आणि त्या वर्षी ईदला घरी येऊन मुबारक देऊन गेल्या. आईनं मुकाट्यानं शेवयांची खीर करून पाठवली. कोण वाद घालत बसणार?

आम्हाला नीट ओळखणारं एकच कुटुंब होतं, गायकवाडांचं. गायकवाडकाका आणि बाबा एकाच कंपनीत, दुरुस्ती खात्यात, दोघंच फिटर. आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी, आणि मशीन बंद असतात म्हणून दुरुस्ती नेमकी गुरुवारी. तर बाबा दर गुरुवारी एकटे जायचे, आणि त्या बदल्यात शनिवारी काका एकटे दोघांचं काम ओढायचे. अकरा वर्षं हे चाललं होतं. साहेबाला विचारलंही नव्हतं कुणी. काका खेडकडचे, चिंचवड स्टेशनजवळच्या वस्तीत राहायचे, विहारात बुद्धवंदनेला पुढं असायचे, आणि बाबांची टिंगल करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. "सॅमभाऊ, तुमचा देव शनवारी झोपतो, मग शनवारी जग कोण सांभाळतं? मीच ना?" बाबा म्हणायचे, "म्हणून तर तुला ठेवलाय." काकांची सुनंदा माझ्या वर्गात, माझ्या बाकावर. तिच्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी मी खायची आणि माझा खोबऱ्याचा सांजा ती.

बाबांना बोलायचा नाद होता. कारखान्यात फिटर, घरात प्रवचनकार. आणि त्यांचा आवडता विषय संकट. त्याचं मूळ बिरड्याच्या रोज्यात. जेरुसलेमचं देऊळ पडलं त्या दिवसाचा आमचा उपास असतो, आणि तो सोडताना वालाचं बिरडं करतात, म्हणून आमच्यात त्याला बिरड्याचा रोजा म्हणतात. दुपारपर्यंत जमिनीवर बसायचं, रडायचं तर रडायचं, मग उठायचं. बाबा सांगायचे, आमच्या लोकांनी दुःखाला दिवस नेमून दिला, जागा नेमून दिली, आणि दुपारी उठायचं हेही नेमून दिलं, म्हणून तर टिकलो. आम्ही सगळे परातीभोवती बसून मोड आलेले वाल सोलत असू, आणि ते एक वाल चिमटीत धरून म्हणायचे, "बघ दिने, भिजल्याशिवाय मोड येत नाही. माणसाचंही तसंच आहे. संकट आलं की विचारायचं, हे मला काय शिकवायला आलंय?" आई मान वर न करता म्हणायची, "वालाला कुणी विचारलंय?" आम्ही हसत सुटायचो. बाबाही हसायचे. आईचं ते बोलणं नुसती गंमत नव्हती, हे कळायला मला फार उशीर झाला.

आणखी एक गोष्ट बाबांनीच शिकवलेली. माझी आत्या वारली तेव्हा आम्ही पनवेलला सांत्वनाला गेलो. सगळे जमिनीवर, कुणी बोलेना. मी नऊ वर्षांची, मोठ्यानं विचारलं, "पाणी कुठंय?" तर बाबांनी असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. परतताना त्यांनी समजावलं की दुःखाच्या घरी गेल्यावर, त्या माणसानं तोंड उघडेपर्यंत आपण उघडायचं नाही. त्याचं दुःख, पहिला शब्द त्याचा. मरण असो की दुसरं काही. मला ते पटलं होतं. बाबा सांगतील ते सगळंच तेव्हा मला पटायचं. माझे बाबा म्हणजे दोरी धरून बांधलेली सरळ भिंत, असं मी सुनंदाला सांगायची.

मी सोळाची होते, दहावीत. एका शनिवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो आणि कंपनीतला एक माणूस सायकलवरून धापा टाकत आला. "सॅमभाऊ, गायकवाडचा हात प्रेसखाली आला." उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली होती. प्रेसच्या पुढं लोखंडी जाळी असायची, दोन बोल्टांवर बसवलेली. काकांनी सकाळी मशीन सुरू केलं, जाळी निसटली, ती धरायला त्यांनी हात घातला आणि वरचं धूड खाली आलं. आता चाकणच्या कंपन्यांत मशीनपुढं प्रकाशाचा पडदा असतो म्हणे, हात मध्ये आला की ते जागच्या जागी थांबतं. तेव्हा दोन बोल्ट होते, तेवढंच. बाबा ताटावरून उठले ते न बोलता. शब्बाथ म्हणून वाहन नाही. आकुर्डीपासून दवाखान्यापर्यंत चालत गेले आणि चालत आले. आल्यावर भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मला वाटलं, केवढा जीव आहे यांचा काकांवर!

रविवारी धुणं माझ्याकडं असायचं. बाबांची शुक्रवारची कामाची पँट तशीच खुंटीला होती. खिसे उलटे केले तर दगडावर ठणकन दोन बोल्ट पडले, ग्रीस लागलेले, अंगठ्याएवढे. मी ते आईला नेऊन दाखवले. तिनं ते हातात घेतले आणि खिडकीशी नेऊन उलटसुलट करून बघितले. मग तिनं ते पदरानं पुसले, फळीवरचा वालाचा डबा काढला, बोल्ट तळाशी खुपसले आणि झाकण लावलं. "दिने, हे तू बघितलं नाहीस." "का?" "का म्हणून विचारू नकोस. बघितलं नाहीस."

मी विचारलं नाही. मला खरंच काही कळलं नव्हतं, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. अर्धं कळलं होतं.

उरलेलं अर्धं कळलं ते काकांच्या घरी. दवाखान्यातून आणल्यावर आम्ही तिघं भेटायला गेलो. काका कॉटवर, हात पांढऱ्या गाठोड्यासारखा छातीवर. काकू कोपऱ्यात, सुनंदानं माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. आम्ही खाली सतरंजीवर बसलो. काकांनी तोंड उघडलं नव्हतं. आणि बाबा बोलायला लागले. थांबेचनात. साहेबाबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले, मग त्यांचं ते नेहमीचं सुरू केलं. "गायकवाड, खचायचं नाही. भिजल्याशिवाय मोड येत नाही. हे तुला काहीतरी शिकवायला आलंय." मी बाबांकडं बघतच राहिले. ज्यानं मला चिमटा काढून गप्प बसायला शिकवलं तो माणूस घाबरल्यासारखा बडबडत होता. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ते बोल्ट आले, आणि सगळं जागेवर बसलं. शुक्रवारी जाळी यांनी काढली. बोल्ट खिशात टाकले. जाळी परत नुसती अडकवली, म्हटलं असेल चहा घेऊन येतो आणि घट्ट करतो, आणि तेवढ्यात खिडकीतून ऊन दिसलं असेल. दिव्याची वेळ. पळाले. आम्ही दारात उभे राहून यांचीच वाट बघत होतो. काका वर आढ्याकडं बघत होते. तसंच वर बघत म्हणाले, "व्हय, सॅमभाऊ." एवढंच.

चूक माणसाकडून होते, हो. ती मी त्याच दिवशी माफ केली असती. पण पंधरा दिवसांनी कंपनीत चौकशी बसली. साहेबांचं म्हणणं, जाळी गायकवाडनं स्वतः उघडली आणि बोल्ट न लावता मशीन चालवलं, निष्काळजीपणा त्याचा. साक्षीला एकच माणूस, शुक्रवारी त्या प्रेसवर काम केलेला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दाराच्या चौकटीवरच्या मेजुजाला, आत प्रार्थनेची गुंडाळी असलेल्या डबीला, बोट लावून ओठांना लावलं, गेले, आणि सांगून आले, "मी शुक्रवारी जाळी घट्ट लावून निघालो होतो." काकांची नोकरी गेली. भरपाईचं नाव कुणी काढलं नाही. काकू आमच्या दारात येऊन आईला म्हणाल्या, "वहिनी, शनवार तुमचा सांभाळला आमी, आन् तुमी केसानं गळा कापला." आई चौकटीला धरून उभी. आत बाबा प्रार्थनेचं पुस्तक उघडून बसले होते, पान उलटत नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मीही आतच उभी होते.

आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सुनंदानं मला गाठलं. रडली नाही. म्हणाली, "तुझे बाबा म्हणतात जाळी घट्ट होती. माझे बाबा म्हणतात, मी बोल्टाला हात लावला न्हाई. दिना, तुला काय वाटतं?" मी म्हणाले, "मला काय माहीत?" तिनं थोडा वेळ माझ्याकडं बघितलं, दप्तर उचललं आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. दिवाळीनंतर ती शाळेतच यायची बंद झाली. कुठंतरी पॅकिंगला लागली असं कानावर आलं. बाबांचं सांगताना माझा आवाज अजून चढतो, पण हे वाक्य सांगताना बसतो.

त्या वर्षीच्या बिरड्याच्या रोज्याला आईनं डबा उघडला, ओंजळीनं वरचेच वाल काढले आणि पुन्हा लावला. परातीभोवती कुणी बोललं नाही. बाबांनी वाल चिमटीत धरला नाही. जेवताना ते म्हणाले, "मीठ कमी आहे." आई म्हणाली, "असू दे."

मग आली दारफाळणी. आमचा सगळ्यात मोठा उपास, दारं लावून, पांढरे कपडे घालून, दिवसभर कुणाचं तोंड बघायचं नाही. त्याच्या आधी एक काम असतं. देवाचा केलेला गुन्हा देव माफ करतो. माणसाचा केलेला त्या माणसानंच माफ करायला लागतो. त्याच्या दारी जाऊन मागायची. नाही म्हणाला तर पुन्हा जायचं. तीनदा. तिसऱ्यांदाही नाही म्हणाला तर तुम्ही सुटलात, पुढचं त्याच्याकडं. हा नियम काकांनाही ठाऊक होता. बाबांनी डबा खाता खाता त्यांना तो कधीतरी सांगितला होता, आणि काका म्हणाले होते, "आयला, तीनदा? तुमच्यात सोयच हाय की!"

आदल्या दिवशी दुपारी आईनं बाबांना उपासाआधीचं जेवण वाढलं. मी फळीवरून डबा काढला, हात तळाशी घातला आणि दोन्ही बोल्ट त्यांच्या ताटात, भाताशेजारी ठेवले. "तुम्ही गायकवाडकाकांकडं जाऊन आलात का?" मी विचारलं. बाबांनी बोल्टांकडं बघितलं, मग आईकडं. आई म्हणाली, "माझ्याकडं बघू नका. मी तीन महिने झाकण लावलंय." ते उठले, पांढरा झब्बा चढवला आणि गेले. आईनं बोल्ट उचलून पुन्हा वालाच्या डब्यात टाकले. तासाभरानं परत आले. "नाही म्हणाला," एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं. पुढच्या वर्षी पुन्हा गेले, आले, "नाही म्हणाला." तिसऱ्या वर्षी आले ते हात धूत म्हणाले, "झालं. तीनदा मागितली. आता ते त्याच्या मानेवर." आणि त्या दिवशी बाबा पोटभर जेवले. मला त्यांचा तो घास घास चावण्याचा आवाज सहन होईना, मी मोरीत जाऊन बसले. खोट्या साक्षीपेक्षा त्यांची ती भूक माझ्या मनाला जास्त लागली.

नंतर गायकवाड चाकणकडं गेले असं कळलं. मी शिकले, शाळेत शिक्षिका झाले, लग्न, मुलं, सगळं रीतसर. बाबांची सेवाही केली. शेवटच्या आजारपणात त्यांची प्रवचनं परत सुरू झाली होती आणि मी उशी सारखी करत ऐकून घ्यायची. ते गेले, मग आई गेली. आईचं घर आवरताना मी भांडी वाटली, साड्या वाटल्या, वालाचा डबा मात्र तसाच घरी आणला.

मागच्या वर्षी चाकणच्या एका कंपनीतून एका मुलीचा फोन आला. "मॅडम, ज्यू लोकांची संकटाकडं बघण्याची दृष्टी, त्यातून पर्सनल ग्रोथ, यावर आमच्या स्टाफला बोलाल का?" मला हसू आलं. आम्ही आता या शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यात मी एक बोलकी म्हातारी, म्हणून माझा नंबर. गेले. थंडगार हॉल, पुढं दीडदोनशे पोरंपोरी. आणि बोलता बोलता काय झालं कोण जाणे, मी चिमटीत काहीतरी धरल्यासारखा हात वर केला आणि म्हणाले, "भिजल्याशिवाय मोड येत नाही." टाळ्या पडल्या हो! चांगल्या कडकडून पडल्या. माझा हात तसाच वर राहिला. तो हात बाबांचा होता.

खाली उतरले तर एक तरुण इंजिनियर पुढं आला. म्हणाला, "मॅडम, हेच वाक्य माझे आजोबा म्हणतात. त्यांच्या एका दोस्तानं सांगितलेलं. तो पण शनिवारी कामावर यायचा नाही." मी त्याला आडनाव विचारलं नाही. पत्ता विचारला.

मी त्यांच्याकडं गेले दारफाळणीच्या आदल्या दिवशी, दुपारी, दोन बोल्ट रुमालात बांधून. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खिडकीत काका. ऐंशी उलटलेले, पण नजर तीच. काकू आता नाहीत, हे मला नातवानं सांगितलं होतं. मी खाली बसायला लागले तर म्हणाले, "गुडघे हायेत का तुझे? खुर्चीवर बस." मी खालीच बसले आणि गप्प राहिले. ते विषय काढेपर्यंत गप्प राहिले. पंखा फिरत होता.

"सॅमभाऊची दिना," ते म्हणाले. "म्हातारा गेला म्हणं."

"हो. काका, ते तीनदा आले, तुम्ही नाही म्हणालात, ते ठीकच..."

"कोण आलं?" काकांनी मान वळवली. "माझ्या दारी? कदी न्हाई."

ते सांगत गेले. "गल्लीच्या तोंडाशी टपरी व्हती. तिथं येऊन उभा ऱ्हायचा, पांढरा झब्बा घालून. चहा घ्यायचा. आमच्या दाराकडं बघायचा आन् माघारी जायचा. तीन वर्षं. मी खिडकीतनं बघायचो. म्हणायचो, आज येईल. बोल्ट मी काढलं न्हाईत एवढं मला ठावं व्हतं, आन् आमी दोघंच तर व्हतो. एकदा येऊन बोलला असता तर..." मग म्हणाले, "मी बी हाक न्हाई मारली. कशापायी मारू?"

म्हणजे ते पोटभर जेवलेलं जेवणसुद्धा खोटं होतं. मी हॉस्पिटलात बाबांच्या उशाशी बसले होते तेव्हासुद्धा त्यांनी सांगितलं नाही. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, रागाचं. काका म्हणाले, "वाक्य मातर मी ठिवलं. भिजल्याबिगर मोड येत न्हाई. त्याच्यावर उभा ऱ्हायलो, डाव्या हातानं वेल्डिंग शिकलो. वाक्य खरं व्हतं, पोरी. त्यानं सांगायचं न्हवतं."

मग मी रुमाल सोडला. बोल्ट सतरंजीवर ठेवले आणि सगळं सांगितलं. धुणं, डबा, आई. चौकशीच्या आधीच मला ठाऊक होतं ते. सुनंदानं विचारलेलं आणि मी दिलेलं उत्तर. काकांनी अंगठा आणि करंगळी यांच्यात एक बोल्ट उचलला, उजेडाकडं धरला. बापाचं त्यांना माहीत होतं. माझं नव्हतं. चाळीस वर्षांत त्यांनी मला मनातल्या मनात कधी त्या घरातली एकटी चांगली म्हणून ठेवलं असेल, ते त्यांच्या चेहऱ्यावरून उतरताना मला दिसलं.

"सोळाची व्हतीस," ते म्हणाले.

"हो."

"माझी सुनंदा बी सोळाचीच व्हती."

मी मान खाली घातली. "काका, मी माफी मागायला आलेय."

"आज न्हाई देत," ते म्हणाले. रागावून नाही, सरळ. बोल्ट त्यांनी खाली ठेवला नाही. मी उठले, गुडघ्यावर हात टेकून, चपला घालायला दाराशी गेले. जिन्यात पाय टाकला तेव्हा आतून आवाज आला.

"तुमच्यात तीनदा ना?"

"हो, काका."

"मंग दारापत्तर ये. टपरीवरनं जाऊ नगंस."